आमच्या घरात संगीत नव्हतं

माझी मुलगी फिडल वाजवते. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवायची तऱ्हा वेगळी आणि संगतही वेगळी. लहानपणी सिडनीच्या केलीव्हिल या आमच्या उपनगरातल्या एका बाईंकडे आम्ही तिला शिकायला घातलं, कारण आजूबाजूची सगळी भारतीय मुलं काही ना काही शिकत होती. पुढे ती प्रवेशपरीक्षा देऊन सिलेक्टिव्ह शाळेत गेली, तिथल्या ऑर्केस्ट्रात तिसऱ्या रांगेत बसून वाजवायला लागली आणि अकरावीत असताना कुठूनसं तिच्या कानावर कंट्री म्युझिक पडलं. घोडे, ट्रक, दारू, सोडून गेलेली बायको, मागे राहिलेलं गाव. मूळची अमेरिकेतली ही गाणी इकडच्या लोकांनी कधीच आपली करून टाकलीत. आमच्या लेकीनेही केली.

युनिव्हर्सिटीत फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या वर्षी तिने ती सोडली. घरात भांडण झालं नाही असं मी म्हणणार नाही. नवरा आयटीतला, सरळ रेषेत विचार करणारा माणूस. त्याने आठवडाभर अबोला धरला. आठवडा संपला तेव्हा मात्र तोच शनिवारी फोमचे तुकडे घेऊन आला आणि गॅरेजच्या भिंतींना आतून चिकटवत बसला. "रात्री-अपरात्री वाजवेल. शेजाऱ्यांची तक्रार नको," एवढंच म्हणाला.

मी वेस्टमीडला एका लॅबमध्ये काम करते. रक्ताचे नमुने, मशिन्स, रिपोर्ट. शिफ्टची अदलाबदल करून मी तिला टॅमवर्थला घेऊन जायचे, कारण कंट्रीवाल्यांची खरी वर्दळ तिथे. विंडसरच्या, पेनरिथच्या पबमध्ये ती पाहुणी म्हणून दोन गाणी वाजवायची आणि मी कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर एक लेमन लाइम बिटर्स पुरवून पुरवून पीत बसायचे. तिथे साडीतली नव्हे, पण सावळी अशी मी बहुधा एकटीच असायचे. हॅटवाले म्हातारे मला 'लव्ह' म्हणायचे आणि विचारायचे, "तुझी मुलगी का ती? भारी वाजवते." मला ती गाणी पाठ झाली होती. गाडीत ती पुढच्या सीटवर झोपायची आणि मी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायचे.

हे मी उगाच करत नव्हते. माझे वडील गायचे. मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि त्यांची स्वतःची गायनपार्टी होती. पेटी, ढोलकी, दोन कोरसवाले आणि बँजो. आपल्याकडे ज्याला बँजो म्हणतात तो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तारांचा. ते भीमगीतं गायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांना गावोगावची बोलावणी यायची. उघडं मैदान, समोर ताडपत्रीवर बायका-पोरं, मागे ट्रॅक्टरच्या टपावर चढलेली माणसं. बाबांनी पहिली तान मारली की त्या मैदानावर जी शांतता पसरायची, तशी मी नंतर कुठल्या देवळात, कुठल्या चर्चमध्ये, कुठेही अनुभवली नाही. माझ्या मुलीने आजोबांचं गाणं प्रत्यक्ष ऐकलंय. सुट्टीत मनमाडला गेलो की ती त्यांच्या पेटीसमोर मांडी घालून बसायची, आणि एकदा तर तिने व्हायोलिन काढून त्यांना साथ केली होती. बाबा म्हणाले होते, "सुरात आहे पोरगी."

तर, एका फार मोठ्या अमेरिकन गायकाचा दौरा ऑस्ट्रेलियात येणार होता. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, सगळीकडे मोठी स्टेडियम्स. त्याची नेहमीची फिडलवाली बाळंतपणामुळे येऊ शकत नव्हती आणि इथल्या शोंपुरती इथलीच कुणीतरी हवी होती. आमच्या लेकीने व्हिडिओ पाठवला, मग ऑडिशन झाली, मग तिला घेतलं. फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. कोल्ड रूममध्ये जाऊन रडून घेतलं, कारण तिथे कुणी फारसं येत नाही.

सिडनीच्या शोच्या दिवशी बॅण्डमधल्या लोकांच्या घरच्यांना दुपारीच बोलावलं होतं. ऑलिम्पिक पार्कचं ते अवाढव्य स्टेडियम, रिकामं. मधोमध स्टेज, लांबलचक पडदे, काळ्या टीशर्टमधली माणसं केबल ओढताहेत. तो गायक स्वतः भेटायला आला. उंच, वाकून बोलणारा. हॅट काढून छातीशी धरली आणि मला म्हणाला, "मॅम, तुमची मुलगी म्हणजे आमचं भाग्य."

मी म्हटलं, "माझे वडीलही गातात. मोकळ्या मैदानात, असेच खूप लोकांसमोर. त्यांच्या पार्टीत बँजोसुद्धा होता."

"बँजो? भारतात?" तो खरंच थांबला.

मग मी त्याला सांगितलं. ती गाणी कशाबद्दल असतात, लोक ती ऐकायला किती लांबून येतात, ज्यांना गावात विहिरीवर येऊ दिलं नव्हतं त्यांना या गाण्यांनी मान ताठ करायला कसं शिकवलं. माझं इंग्रजी लॅबमधलं आहे, अशा गोष्टींसाठी ते पुरत नाही, तरी सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे फार सुंदर आहे, मॅम." नवऱ्याने आमचा दोघांचा फोटो काढला. लेक जरा लांब उभी राहून फिडलचा गज पुसत होती. आमच्याकडे बघत होती, पण जवळ आली नाही. मला वाटलं, शोच्या आधीचं टेन्शन असेल.

संध्याकाळी स्टेडियम भरलं. बूट, झालरीची जॅकेट्स, गुलाबी हॅट घातलेल्या लहान मुली, बाबांच्या खांद्यावर बसलेल्या. आमच्या शेजारी एक पन्नाशीची बाई होती, डबो नावाच्या दूरच्या गावाहून मैत्रिणींबरोबर आलेली. ऊन उतरलं, दिवे लागले आणि तो स्टेजवर आला तेव्हा जो आवाज उठला तो पायांतून वर आला. मी फार आनंदात होते. हे लिहून ठेवते, कारण त्या संध्याकाळचं एवढंच माझ्याकडे चांगलं म्हणून उरलंय.

अर्धा कार्यक्रम झाल्यावर त्याने बॅण्डची ओळख करून द्यायला सुरुवात केली. ड्रमवाला, गिटारवाले. मग पडद्यावर आमच्या लेकीचा चेहरा आला, स्टेडियमएवढा मोठा. लोक ओरडले. त्याने हात वर करून त्यांना गप्प केलं.

"हिची गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "ही तुमच्याच गावची पोर. हिच्या घरात संगीत नव्हतं. आई-वडिलांना डॉक्टर हवी होती." लोक हसले. "आईने सांगितलं होतं, या घरात फिडल वाजणार नाही. मग ही काय करायची? कपड्यांच्या कपाटात बसून वाजवायची. कोट अंगावर ओढून, म्हणजे आईला ऐकू जाऊ नये."

आणि लोकांनी हुर्यो उडवली. रागाने नव्हे, मजेने, जत्रेत उडवतात तशी. पण हजारो माणसांनी एकदम. एका लहान मुलीने तर तोंडाभोवती हात धरून हूऽ केलं.

पडद्यावर माझी मुलगी हसत होती. छातीवर हात ठेवून, खाली बघत, मान हलवत. हो, असंच झालं, अशी.

"आई, बाबा," तो वर आकाशाकडे बघत म्हणाला, "तुम्ही जिथे कुठे असाल तिथून बघा आता तिच्याकडे!"

आम्ही बाराव्या का पंधराव्या रांगेत होतो. त्यानेच दिलेल्या सीटवर.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. शेजारची डबोची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "शाबास आहे पोरीची, नाही?" मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? मग तिने वाजवायला घेतलं, आणि ती अशी वाजवत होती की बघतच राहावं. मी टाळ्या वाजवल्या. माझेच हात टाळ्या वाजवताना मला दिसत होते.

मेलबर्नला निघायच्या आधी तिला एक दिवस मोकळा होता. ती घरी जेवायला आली. मी मटणाचा रस्सा केला होता, भाकरी थापल्या होत्या. पहिला घास घेऊन झाला आणि मी विचारलं, "त्याला मी दुपारीच सगळं सांगितलं होतं. आजोबांचं, गाण्याचं. मग संध्याकाळी तो असं कसं बोलला?"

"मम्, इट्स जस्ट अ बिट," ती म्हणाली. "शोमध्ये गाण्याआधी किस्सा असतो तसा."

"त्याने मनाने रचलं?"

ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "नाही. मी सांगितलेलं. ऑडिशनला विचारतात, वॉट्स युअर स्टोरी? सगळ्यांकडे स्टोरी होती. एकीचे वडील दुष्काळात गेलेले. एकजण जेलमध्ये जाऊन आलेला. माझ्याकडे काही नव्हतंच."

"नव्हतंच?"

"केलीव्हिलमध्ये वाढले, आई गाडीने सोडायची, बाबांनी गॅरेज करून दिलं. हू वॉन्ट्स टु हिअर दॅट?" हे ती रागाने बोलली नाही. समजावून सांगावं तसं बोलली.

"आणि आजोबा?"

आता मात्र तिने वर बघितलं. "आजोबांचं सांगायला पाच मिनिटं लागतात, मम्. ते कुणासाठी गायचे, का गायचे. मग कास्ट सांगायला लागते. मग लोक असा चेहरा करतात, सॉरी सॉरी म्हणतात. आणि ऐकणाऱ्यांत कुणी इंडियन असले तर ते वेगळाच चेहरा करतात. माझ्याकडे गाण्याआधी अर्धं मिनिट असतं. मला फक्त फिडल वाजवायचं आहे."

"मग फक्त वाजव ना. माझी हुर्यो कशाला?"

"ती तुझी नाहीये. ती कुठल्याही इंडियन मम्ची आहे. लोकांना कळतं."

"मला नाही कळलं," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. पोरगी जेवायला आलीये." ती रस्सा संपवून, मला मिठी मारून गेली. मेलबर्नला तेच झालं. ब्रिस्बेनलाही तेच. कपाटाच्या जोडीला आता खोली आतून लावून घेणं आलं, आणि नंतर कुठेतरी मी फिडलच्या तारा कापल्या होत्या असंही आलं. प्रत्येक शोचे तुकडे फोनवर फिरत होते. हुर्यो दर वेळी जास्त मोठी वाटायची.

लॅबच्या टी-रूममध्ये एक पंजाबी सहकारी आहे, मनाने चांगली. तिने व्हिडिओ बघितला आणि हसत म्हणाली, "अरे यार, ये तू है? इतनी strict लगती तो नहीं." बाकीचे जमले. कुणीतरी म्हणालं, चला, शेवट गोड झाला ना. मी कप धुतला आणि मशीनवर जाऊन बसले. खरं सांगायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. लेक म्हणाली होती तेवढीच. पण तेवढी पाच मिनिटं मागायची इच्छा मला झाली नाही.

नवऱ्याचं वेगळंच. ऑफिसात लोक त्याला 'व्हिलन' म्हणायला लागले आणि त्याला ते आवडलं. बार्बेक्यूला गेलो की तो स्वतःच ओळख करून द्यायचा, "मी तो दुष्ट बाप." लोक हसायचे, पाठीवर थाप मारायचे. इतक्या वर्षांत केलीव्हिलमध्ये त्याच्या पाठीवर एवढ्या थापा पडल्या नव्हत्या. एकदा परत येताना गाडीत मी म्हटलं, "तू फोम लावलास. ते का सांगत नाहीस?" तो म्हणाला, "अगं, मजा असते ती. तू फार मनाला लावून घेतेस." त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघं बोललो नाही.

मग तो व्हिडिओ मनमाडला पोचला. माझ्या चुलत भावाच्या फोनवरून बाबांनी बघितला आणि मला व्हिडिओ कॉल केला. आई जाऊन काही वर्षं झालीत, बाबा एकटेच असतात. आता ऐकायला कमी येतं, पण फिडलचा तुकडा त्यांनी कानाला फोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला होता.

"पोरीने काय हात चालवलाय!" ते म्हणाले. "आणि तो गोरा मध्ये बराच वेळ काय बोलत होता? लोक ओरडत होते ते?"

मी म्हटलं, "तो सांगत होता की हिचे आजोबा गातात. भारतात, मोठमोठ्या मैदानात. त्यांच्याकडूनच हिने घेतलं."

बाबांचा चेहरा कसा सांगू. नुसते हातरुमालाने चष्मा पुसत राहिले.

त्यांनी ते विहारात सांगितलं. रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांना तो व्हिडिओ दाखवला. तिथे शेजारच्यांची नात होती, नाशिकला इंजिनिअरिंगला असलेली. ती बिचारी गोंधळली असणार. विहारात तिने तोंड उघडलं नाही. घरी येऊन बाबांना एकट्याला सांगितलं, तो गोरा खरं काय बोलला ते.

बाबांचा पुन्हा फोन आला. या वेळी व्हिडिओ नव्हता.

"खोटं का बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट नाही वाटलं," ते म्हणाले. "स्टेजवर असं बोलावं लागतं. माणूस एकदा हसला की पुढचं गाणं आत जातं. मीही सांगायचोच की. तुझ्या आईने पेटी कशी रस्त्यावर फेकून दिली, मी रात्रभर ओट्यावर कसा झोपलो. लोक लोटपोट व्हायचे."

मला ते चांगलं आठवत होतं. पण आजपर्यंत ती गोष्ट खरी आहे की नाही, हा विचार मी कधी केला नव्हता.

"आईने फेकली होती पेटी?"

"छे! ती कशाला फेकेल? भाता फाटला की तीच तर शिवायची. तिच्या हाताचं ठिगळ लागल्याशिवाय हवा धरायची नाही पेटी."

"मग असं का सांगायचात?"

"सांगितलं ना. लोक हसायचे."

"आणि आई?"

"तीही हसायची की."

"आई हसायची नाही, बाबा. मी तिच्या शेजारी बसलेली असायचे. ती पदर नीट करायची आणि खाली बघायची."

मग ते म्हणाले, "तुझ्या आईला त्यातलं काही वाटत नव्हतं. तुला उगाच वाटतंय." आणि मग, "पोरीला माझा जयभीम सांग. म्हणावं, गज जरा सैल धर."

वडील, नवरा आणि मुलगी. या तिघांना मी आयुष्यात सगळ्यात जास्त जीव लावला. ते तिघं त्या बाबतीत एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला मी होते. माझी आई असती तर तिला फोन केला असता. तिला काही विचारलंही नसतं. नुसता फोन केला असता.

दौरा संपला तेव्हा त्या गायकाने तिला अमेरिकेतल्या शोंसाठीही घेतलं. नेहमीची फिडलवाली परत येणार नव्हती. विमानतळावर मी तिला सोडायला गेले. नवऱ्याने फोटो काढले. तिने मला घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "लव्ह यू, मम्." मीही म्हटलं. ते खोटं नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. आवाजात उत्साह होता. तिकडच्या शोसाठी त्यांना गोष्टीचा पुढचा भाग हवा होता. आई-वडिलांचं मन वळलं, असा. आम्ही दोघांनी घरूनच एक छोटा व्हिडिओ करून पाठवायचा. आम्ही चुकलो, आता आम्हाला तुझा अभिमान आहे, एवढंच. गाण्याच्या आधी तो पडद्यावर दाखवणार होते.

"काय चुकलं आमचं?" मी विचारलं.

"मम्, प्लीज. लोक रडतील. इट्स अ नाइस थिंग."

"मी अभिमान आहे असं म्हणेन. शंभरदा म्हणेन. चुकले असं म्हणणार नाही. मी तुला टॅमवर्थला न्यायचे तेव्हाच मला अभिमान होता."

"मग ते वर्क नाही होत," ती म्हणाली. तिच्या आवाजातला उत्साह गेला होता. "आधी नव्हता आणि मग आला, असं लागतं."

"मग माझ्याशिवाय करा."

तिने पुन्हा एकदा "मम्?" म्हटलं. मी मन बदलेन असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, "ओके. नो वरीज," आणि फोन ठेवला.

नवऱ्याने केला व्हिडिओ. गॅरेजमध्ये उभा राहून, कुठूनतरी आणलेली हॅट घालून. मी आत स्वयंपाकघरात होते, भिंतीतून मला त्याचा आवाज येत होता. दोन-तीनदा चुकला, पुन्हा केला. शेवटच्या वेळी त्याचा आवाज खरोखर दाटून आला. "आय वॉज राँग, बेटा," तो म्हणाला. बेटा तो तिला कधीच म्हणत नाही.

तिकडच्या पहिल्याच शोचा तुकडा त्याने मला दाखवला. मी बघणार नव्हते, पण त्याने फोन समोरच धरला. प्रचंड पडद्यावर माझा नवरा, लोक टाळ्या वाजवताहेत, काही जण खरंच रडताहेत. माझी मुलगीही डोळे पुसते आहे. तो संपला आणि पडदा क्षणभर काळा झाला. मग त्यावर अक्षरं आली की आई मात्र अजून मानलेली नाही.

स्टेडियम हसलं. आणि मग त्यांनी हुर्यो उडवली.

"बघ," नवरा म्हणाला, "तू नाही म्हणालीस तरी त्यांनी जमवून घेतलं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कौतुक वाटत होतं. मी डबा भरला आणि शिफ्टला निघून गेले.